चाळीस वर्षे निजलेला कायदा

समुद्रावरून गुलामांचा व्यापार केल्याच्या गुन्ह्यासाठी अमेरिकेने ज्याला फासावर चढवले असा माणूस इतिहासात एकच आहे. त्याचे नाव नथॅनियल गॉर्डन. २१ फेब्रुवारी १८६२ रोजी न्यूयॉर्कच्या टूम्ब्स तुरुंगाच्या आवारात, शस्त्रधारी नौसैनिकांच्या पहाऱ्यात, त्याला फाशी देण्यात आली. तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. ज्या कलमाखाली ही शिक्षा झाली ते १८२० सालचे. म्हणजे कायदा होऊन बेचाळीस वर्षे लोटली होती आणि त्या काळात हा धंदा करणाऱ्या एकाही अमेरिकी माणसाला त्या कलमाखाली जिवाची किंमत मोजावी लागली नव्हती. गॉर्डनच्या आधी अनेक कप्तान पकडले गेले आणि सुटले. खुद्द गॉर्डनही आधीच्या सफरींतून सहीसलामत निसटला होता. मग एकटा तोच का लटकला? या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे दिली जातात. एक, तो इतरांपेक्षा अधिक क्रूर होता. दोन, तो बळीचा बकरा होता. मला दोन्ही पटत नाहीत. माझ्या मते गॉर्डन ज्या अर्थाने बंडखोर किंवा दरोडेखोर म्हणतात त्या अर्थाने कायद्याच्या बाहेर जगणारा माणूस नव्हताच. कागदावरचा कायदा आणि अमलातला कायदा यांच्यामध्ये जी मोकळी जागा होती, त्या जागेत तो वाढला. ती जागा आपोआप पडलेली नव्हती, ती जाणूनबुजून राखलेली होती. राखणाऱ्यांचा आपसातला समझोता मोडला त्या क्षणी त्याचा अंत ठरला. त्याच्या उदयाची आणि पतनाची कहाणी ही मुख्यतः त्या जागेची कहाणी आहे आणि ती तशीच वाचली पाहिजे.

कायद्याचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा. अमेरिकेच्या राज्यघटनेतच अशी तरतूद होती की १८०८ पूर्वी गुलामांच्या आयातीवर बंदी घालता येणार नाही. ती मुदत संपताच, १ जानेवारी १८०८ पासून, बंदी आली. ब्रिटननेही १८०७ साली आपल्या जहाजांना हा व्यापार मना केला. पण बंदीने धंदा थांबला नाही, म्हणून १५ मे १८२० रोजी अमेरिकी काँग्रेसने त्याची गणना चाचेगिरीत केली. कोणत्याही देशाच्या जहाजावर असलेला अमेरिकी नागरिक, किंवा अमेरिकी मालकीच्या जहाजावर असलेला कोणत्याही देशाचा माणूस, आफ्रिकी माणसाला गुलाम करण्याच्या हेतूने पळवील, फसवील किंवा जहाजात कोंडील, तर त्याला देहदंड. यापेक्षा कडक शब्द कोणत्या विधिमंडळाने लिहिले असतील असे वाटत नाही. आणि तरीही एकूण साडेतीन शतकांत आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जे सुमारे सव्वा कोटी लोक अटलांटिकपार जाणाऱ्या जहाजांत चढवले गेले, त्यांतले वीस लाखांहून अधिक हा कायदा झाल्यानंतरचे आहेत. त्यांतले बहुतेक ब्राझील आणि क्यूबाला नेले गेले. तिथेही आयात बेकायदाच होती. ब्रिटनच्या दबावाखाली स्पेनने १८१७ मध्येच बंदीचा तह केला होता. ब्राझीलने १८५० मध्ये खरोखर दारे लावून घेतली. उरले क्यूबा, आणि क्यूबाच्या उसाला माणसे हवी होती.

ही माणसे क्यूबापर्यंत पोचत कशी, हे समजून घेतल्याशिवाय गॉर्डन समजत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. ब्रिटिश आरमाराचा एक ताफा पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कायम फिरत असे. साठ वर्षांत त्याने सुमारे सोळाशे जहाजे पकडली आणि दीड लाखाच्या आसपास माणसे सोडवली. स्पेन, पोर्तुगाल यांच्याशी ब्रिटनने असे करार केले होते की त्यांच्या निशाणाखालच्या जहाजाचीही झडती घेता यावी, आणि आत गुलाम नसले तरी नुसत्या सामानावरून, म्हणजे जादा पाण्याची पिंपे, मोठाल्या कढया, खालचा मजला घालण्यासाठी आणलेल्या फळ्या यांवरून, ते जप्त करता यावे. अमेरिकेने मात्र हा झडतीचा हक्क ब्रिटनला साफ नाकारला. त्यामागे एक खरी जखम होती. ब्रिटिश युद्धनौकांनी अमेरिकी जहाजे अडवून त्यांतले खलाशी जबरदस्तीने आपल्या आरमारात ओढले होते, आणि १८१२ च्या युद्धाचे ते एक मोठे कारण होते. पण स्वाभिमानाच्या या भिंतीआड गुलाम व्यापाऱ्यांनी मुक्काम ठोकला. समुद्रावर असे एकच निशाण उरले की जे फडकवले की ब्रिटिश अधिकाऱ्याने पुढे पाऊल टाकायचे नाही, आणि ते होते अमेरिकेचे. १८४२ च्या तहात अमेरिकेने स्वतःचा ताफा, किमान ऐंशी तोफांचा, आफ्रिकेकडे ठेवण्याचे कबूल केले. त्या ताफ्याचे ठाणे मात्र केप व्हर्दे बेटांवर होते, तर पुढे पुढे व्यापाराचे केंद्र काँगो नदीच्या मुखाकडे सरकले होते. चोर एका गावात आणि चौकी हजारो मैल दूरच्या दुसऱ्या गावात, अशी ही व्यवस्था वर्षानुवर्षे चालली.

या निशाणाचा पुरवठा होई तो न्यूयॉर्कमधून. वाचकाला यात काहीतरी चुकते आहे असे वाटेल, कारण न्यूयॉर्क तर उत्तरेतले, गुलामगिरी संपवलेले शहर. पण १८५० च्या दशकात क्यूबाकडे माणसे नेणारी जहाजे विकत घेणे, त्यांची डागडुजी करणे, खलाशी भरणे, कागद रंगवणे हे सगळे तिथल्या धक्क्यांवर बिनबोभाट होत होते. ‘पोर्तुगीज कंपनी’ म्हणून ओळखली जाणारी दलालांची एक मंडळी तिथे पेढ्या मांडून बसली होती. दक्षिणेच्या कापसावर शहराची श्रीमंती उभी होती, तेव्हा गुलामगिरीच्या विषयात फार खोल जाऊ नये असे तिथल्या पुष्कळ व्यापाऱ्यांना मनापासून वाटे. व्यवहाराची रीत ठरलेली होती. जहाज अमेरिकी, कप्तान अमेरिकी. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, माणसे चढवायच्या आधी, जहाज एखाद्या परक्याला विकल्याचा कागद करायचा. त्या क्षणी अमेरिकी कप्तान ‘प्रवासी’ होई आणि आधी प्रवासी म्हणून आलेला स्पॅनिश किंवा पोर्तुगीज गृहस्थ ‘कप्तान’ होई. ब्रिटिश नौका दिसली की अमेरिकी निशाण वर, अमेरिकी नौका दिसली की दुसरे. काँगोच्या मुखाशी पन्नास डॉलरच्या आतबाहेर मिळणाऱ्या माणसाला हवानात हजाराच्या घरात भाव येई. दोनचार सफरींतली एक जरी पार पडली तरी बुडालेल्या जहाजांचा खर्च भरून निघे. म्हणूनच माल उतरवल्यावर पुरावा उरू नये म्हणून चांगले जहाज जाळून टाकणेही त्यांना परवडत असे.

याच शाळेत गॉर्डन तयार झाला. त्याचा जन्म मेन राज्यातल्या पोर्टलंड बंदरात, दर्यावर्दी घराण्यात, १८२६ सालचा. बापही कप्तान होता. मेनमध्ये गुलामगिरी नव्हती आणि गॉर्डनच्या घराला गुलामांच्या मळ्यांशी देणेघेणे नव्हते. म्हणजे परंपरेने किंवा मालमत्तेने तो या धंद्यात ओढला गेला असे म्हणता येत नाही. तो आला कमाईसाठी. त्याच्या सफरींपैकी जिच्याविषयी सर्वात पक्के पुरावे आहेत ती ‘कमार्गो’ या जहाजाची. पूर्व आफ्रिकेतल्या मोझांबिककडून सुमारे पाचशे माणसे घेऊन त्याने १८५२ च्या डिसेंबरात ती ब्राझीलच्या किनाऱ्यावर ब्राकुई येथे उतरवली. ब्राझीलचा कायदा तेव्हा नुकताच कडक झाला होता, आणि पोलिसांनी आसपासच्या मळ्यांतून झडत्या घेत त्या माणसांचा शोध घेतला. गॉर्डनने तोवर जहाज जाळून बुडवले होते आणि स्वतः बाईच्या वेषात निसटला होता. या प्रसंगाचे वर्णन पुष्कळदा एखाद्या साहसकथेसारखे केले जाते. माझी वाचकाला विनंती आहे की त्या वेषांतरापेक्षा त्यानंतरच्या आठ वर्षांकडे लक्ष द्यावे. ब्राझीलमध्ये एवढा गाजावाजा झालेला हा माणूस अमेरिकेत परतला, पुन्हा जहाजांवर चढला, आणि १८६० पर्यंत त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही. कायद्याची भीती काय असते ते त्याला ठाऊक होते. ती अमेरिकेत नसते, हेही त्याला अनुभवाने ठाऊक झाले होते.

१८६० च्या वसंतात त्याने ‘एरी’ हे शिडाचे जहाज हवानाहून काढले. आत दारूची पिंपे होती, आणि खलाशांच्या मनात शंका यावी इतके पाणी व धान्य होते. काहींनी वाटेतच विचारणा केली. कप्तानाने त्यांना दटावले की सफर कायदेशीर आहे. काँगो नदीत बरेच आत जाऊन दारू उतरवली गेली, पाणी भरून घेतले गेले, आणि ७ ऑगस्टच्या दुपारी नदीमुखाजवळच्या शार्क्स पॉइंट येथे माणसे चढू लागली. ८९७ माणसे. तासाभराच्या आत सगळी आत कोंबली गेली. त्यांत निम्म्याच्या आसपास मुले होती. वयस्क माणसाच्या जागेत दोन मुले मावतात आणि मुले उठाव करीत नाहीत, हा हिशेब या व्यापाराच्या शेवटच्या दशकांत कप्तानांनी पक्का बसवला होता. गॉर्डन स्वतः उभा राहून एकेकाला कोणत्या बाजूला सारायचे ते दाखवत होता, अशी साक्ष पुढे झाली. खलाशांना त्याने क्यूबात जिवंत उतरणाऱ्या प्रत्येक माणसामागे एक डॉलर कबूल केला. महिन्याला पंधरा डॉलरच्या आत राबणाऱ्या खलाशाला ही कित्येक वर्षांची मजुरी होती. दुसऱ्याच दिवशी सकाळी, किनाऱ्यापासून सुमारे पन्नास मैलांवर, ‘मोहिकन’ या अमेरिकी युद्धनौकेने एरीला गाठले. जहाजावर अमेरिकी निशाण होते. वर गेलेल्या अधिकाऱ्यांनी सांगितले की डेकवर पाऊल टाकायला जागा नव्हती आणि दुर्गंधीने उभे राहवत नव्हते. हे फक्त एका रात्रीनंतरचे दृश्य आहे. क्यूबाची वाट महिन्याहून अधिक दिवसांची होती.

इथे एक गोष्ट नोंदवली नाही तर अन्याय होईल. मोहिकन तिथे होती ती पुढे अध्यक्ष झालेल्या लिंकनमुळे नव्हे. तेव्हा अध्यक्ष होते जेम्स ब्युकॅनन, दक्षिणेला धार्जिणे म्हणून ज्यांची आजही निर्भर्त्सना होते ते. त्यांच्याच कारकिर्दीत ताफ्याचे ठाणे लुआंडाला, म्हणजे काँगोजवळ, हलवले गेले आणि वाऱ्यावर अवलंबून नसलेल्या वाफेच्या नौका तिकडे पाठवल्या गेल्या. परिणाम लगेच दिसला. ज्या दिवशी एरी पकडली गेली त्याच दिवशी त्याच पाण्यात ‘सॅन हासिंतो’ या दुसऱ्या अमेरिकी नौकेने ‘स्टॉर्म किंग’ नावाचे सहाशेहून अधिक माणसे भरलेले जहाज पकडले. त्याआधी वसंतात क्यूबाजवळ तीन जहाजे पकडून चौदाशेच्या वर माणसे फ्लोरिडातल्या की वेस्ट येथे आणली गेली होती, आणि त्यांतली शेकडो तिथेच दगावली. म्हणजे आरमाराने मनावर घेतले की हा धंदा किती झपाट्याने उघडा पडतो ते एका वर्षात सिद्ध झाले. नौका नव्हत्या म्हणून चाळीस वर्षे काही करता आले नाही, ही सबब त्या एका वर्षाने निकालात काढली.

पण पकडणे आरमाराच्या हाती होते, शिक्षा नव्हती. १८५९ मध्ये ‘एको’ नावाच्या जहाजाच्या खलाशांना चार्ल्स्टनच्या ज्यूरीने सोडून दिले होते. ‘वाँडरर’ या जहाजाने १८५८ मध्ये जॉर्जियाच्या किनाऱ्यावर चारशेहून अधिक माणसे उतरवली, ती कोणी आणली हे सगळ्या प्रांताला ठाऊक होते, तरी दोषी कोणी ठरले नाही. ज्या उन्हाळ्यात गॉर्डन पकडला गेला त्याच उन्हाळ्यात अलाबामातल्या मोबीलजवळ ‘क्लोटिल्डा’ हे जहाज शंभरावर माणसे घेऊन आले, आणि त्याच्या मालकालाही काही झाले नाही. उत्तरेतल्या ज्यूऱ्याही फाशीचे नाव निघाले की कचरत. सरकारी वकील सौम्य कलमावर तडजोड करीत, दोन वर्षांची कैद होई, आणि पुष्कळदा अध्यक्षांची माफी मिळे. शिक्षा जितकी भयंकर तितकी ती द्यायला माणूस नाखूष असतो, हे खरे आहे. काही अभ्यासक म्हणतात की १८२० चा कायदा म्हणूनच अपयशी ठरला, कलम सौम्य असते तर शिक्षा झाल्या असत्या. पण सौम्य कलमेही अस्तित्वात होती, जहाज जप्त करण्याची तरतूद होती, दंड होते, आणि तीही क्वचितच वापरली गेली. तेव्हा अडचण फाशीच्या दोराची नव्हती. ज्यांना शिक्षा व्हायला हवी त्यांच्याशी शहराचे, बाजाराचे आणि राजकीय पक्षांचे संबंध गुंतले होते, अडचण ती होती.

गॉर्डनलाही सुरुवातीला नेहमीचाच शेवट दिसत असणार. तुरुंगात त्याची बडदास्त बरी होती. मग नोव्हेंबर १८६० मध्ये लिंकन निवडून आले, दक्षिणेतली राज्ये फुटली, युद्ध पेटले आणि न्यूयॉर्कमध्ये ई. डेलाफील्ड स्मिथ हे नवे सरकारी वकील नेमले गेले. जून १८६१ च्या पहिल्या खटल्यात ज्यूरीचे एकमत झाले नाही. स्मिथ यांनी खटला सोडला नाही. त्यांनी एरीवरच्या खलाशांना साक्षीसाठी पुन्हा उभे केले, मोहिकनवरचे अधिकारी मिळवले, आणि नोव्हेंबरात दुसरा खटला चालला. बचाव पक्षाचे युक्तिवाद वाचण्याजोगे आहेत, कारण ते नेमके कायद्याच्या दोन खांबांवर घाव घालतात. पहिला युक्तिवाद असा की गॉर्डन अमेरिकी नागरिक असल्याचे सिद्ध होत नाही. त्याची आई बापाबरोबर सफरींवर जाई, तेव्हा त्याचा जन्म परमुलखात झाला असावा. दुसरा असा की जहाज हवानातच परक्यांना विकले होते आणि काँगोत गॉर्डन नुसता प्रवासी होता. म्हणजे वर सांगितलेली सगळी रीत न्यायालयात जशीच्या तशी मांडली गेली. फरक एवढाच की या वेळी ज्यूरीने ती ऐकून घेतली नाही. खलाशांनी शपथेवर सांगितले की हुकूम देणारा गॉर्डनच होता. ज्यूरी परत यायला अर्ध्या तासाहून फारसा अधिक वेळ लागला नाही. न्यायाधीश विल्यम शिपमन यांनी शिक्षा सुनावताना त्याला स्वतःच्या दुःखापेक्षा त्या फळ्यांखाली कोंडलेल्या मुलांबायकांचा विचार करायला सांगितले. माझ्या मते साऱ्या खटल्यात ती माणसे केवळ आकडा म्हणून न येता माणसे म्हणून आली, असा तो एकच क्षण आहे. त्यांच्यातले कोणी साक्षीला नव्हते. त्यांची नावे नोंदवावीत असे कोणाला वाटलेही नव्हते.

आता बळीच्या बकऱ्याचा आक्षेप. तो हलक्यात घेण्यासारखा नाही, आणि त्या काळीही हजारो लोकांनी सह्या करून तोच मांडला होता. चाळीस वर्षे जो कायदा कोणी वापरला नाही, त्यावर विसंबून माणसे वागली, त्यांपैकी एकाला अचानक उचलून मारणे हा न्याय कसा? गॉर्डनचे दोन हाताखालचे अधिकारी काही महिन्यांच्या कैदेवर सुटले. जहाजात पैसे गुंतवणाऱ्यांची तर नावेही न्यायालयात आली नाहीत. हे सगळे खरे आहे आणि त्याबद्दल मला संताप वाटतो. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. न वापरलेला कायदा रद्द झालेला नसतो, आणि गॉर्डनला हे माहीत होते याचा पुरावा त्याच्याच वागण्यात आहे. जो आपला धंदा निर्धोक मानतो तो खोटे विक्रीखत करीत नाही, जहाज जाळीत नाही, वेष पालटून पळत नाही आणि खलाशांशी सफरीच्या हेतूबद्दल खोटे बोलत नाही. त्याने जोखमीचे गणित मांडले होते. ते चुकले याला विश्वासघात म्हणता येणार नाही. शिवाय बकरा निरपराध असतो. गॉर्डनला मिळालेली शिक्षा इतरांना मिळाली नाही, हा अन्याय इतरांना सोडण्यात आहे. त्याला न सोडण्यात तो शोधला, तर ज्यांना त्याने डेकखाली कोंडले त्यांचा विचार पुन्हा एकदा बाजूला पडतो. त्या काळच्या नीतीने त्याला तोला, आजच्या नव्हे, असेही म्हणतात. त्या काळच्या नीतीनेच तोलू. त्याच्या जन्माआधी सहा वर्षे त्याच्याच देशाने या कृत्याला देहदंड लिहून ठेवला होता.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. तो म्हणतो की ही फाशी न्यायाची नव्हतीच, ती युद्धाच्या राजकारणाची होती. लिंकन यांची दयाळूपणाबद्दल ख्याती होती. झोपी गेलेल्या पहारेकऱ्यांना माफ करणाऱ्या या अध्यक्षांनी गॉर्डनची पत्नी वॉशिंग्टनला येऊनही माफी दिली नाही. फक्त ७ फेब्रुवारीची तारीख दोन आठवड्यांनी पुढे ढकलली, तीही स्पष्ट शब्दांत हे सांगून की मरणाची तयारी करण्यासाठी ही मुदत आहे, माणसाच्या हातून क्षमेची आशा ठेवू नये. त्या मुदतीच्या अखेरच्या दिवशी, २० फेब्रुवारीला, लिंकन यांचा अकरा वर्षांचा मुलगा विली आजाराने गेला. तरीही आदेश बदलला नाही. याच सुमारास ब्रिटनची मर्जी राखण्याची अमेरिकेला निकड होती. नोव्हेंबर १८६१ मध्ये एका अमेरिकी युद्धनौकेने ‘ट्रेंट’ हे ब्रिटिश टपालजहाज भर समुद्रात अडवून त्यावरचे दक्षिणेचे दोन वकील उचलले होते आणि दोन्ही देश युद्धाच्या कडेला आले होते. ती नौका होती सॅन हासिंतो, तीच जिने स्टॉर्म किंग पकडले होते. पन्नास वर्षे ज्या झडतीच्या हक्कावरून अमेरिका ब्रिटनशी भांडली, तोच हक्क तिने स्वतः बजावला होता. फाशीनंतर दोन महिने व्हायच्या आत, ७ एप्रिल १८६२ रोजी, परराष्ट्रमंत्री स्यूअर्ड यांनी ब्रिटनशी तह केला, परस्परांच्या जहाजांची झडती घेण्याचा हक्क मान्य केला आणि खटल्यांसाठी संयुक्त न्यायालये कबूल केली. सिनेटने तो एकमताने मंजूर केला. मंजूर करणाऱ्या सिनेटमध्ये फुटून गेलेल्या दक्षिणी राज्यांचे सभासद नव्हते, ही गोष्ट सगळे सांगून जाते.

तेव्हा राजकारण होते का? होते, आणि ते नाकारण्याचे काही कारण नाही. पण आक्षेप घेणारे एक गोष्ट नजरेआड करतात. आधीची चाळीस वर्षेही राजकारणच होते. एकोचे खलाशी सुटले ते राजकारणाने, ठाणे केप व्हर्देला राहिले ते राजकारणाने, माफ्या मिळाल्या त्या राजकारणाने. राजकारणाने वाचवले तेव्हा त्याला रीत म्हणायचे आणि राजकारणाने हात काढून घेतला तेव्हा त्याला अन्याय म्हणायचे, हे चालणार नाही. खरी गोष्ट अशी की उत्तर आणि दक्षिण यांच्या समझोत्याचा एक अलिखित भाग म्हणून हा कायदा निजवून ठेवला होता. तो समझोता १८६१ मध्ये तोफांनी उडवला, आणि कायदा जागा झाला. त्या जागेपणी समोर जो तुरुंगात होता तो गॉर्डन. इथवर योगायोग आहे. पण कायदा जागा व्हावा म्हणून कोणी झटले, पहिल्या खटल्यात अपयश येऊनही दुसरा उभा केला, कप्तानाच्या डॉलरकडे पाठ फिरवून खलाशांनी साक्ष दिली, हे योगायोगात मोडत नाही.

मराठी वाचकाला या विषयाकडे येण्याची एक वाट फार जुनी आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली तेव्हा ती अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केली ज्यांनी निग्रोंना दास्यातून मुक्त करण्यासाठी औदार्याने आणि निःस्वार्थपणे झीज सोसली. गॉर्डनच्या फाशीला तेव्हा अकरा वर्षे झाली होती. पुण्यात बसलेल्या एका माणसाने अटलांटिकपारच्या लढ्याचा अर्थ इतक्या लवकर आणि इतका नेमका ओळखला, याचा मराठी माणसाला अभिमान वाटावा. जोतीरावांनी ज्यांना वंदन केले ते लोक किती थोडे होते आणि त्यांच्याच शहरात, त्यांच्याच निशाणाखाली समोर काय उभे होते, हे गॉर्डनच्या कहाणीतून कळते. त्याने त्या अर्पणपत्रिकेचे मोल वाढते. सारा देश सदाचारी असता तर झीज सोसण्याची वेळच आली नसती.

एरीवरच्या माणसांबद्दल सांगितल्याशिवाय ही प्रस्तावना पुरी होणार नाही, कारण गॉर्डनवरच्या लिखाणात ती जहाजाबरोबर दिसेनाशी होतात. मोहिकनच्या अधिकाऱ्यांनी एरी लायबेरियातल्या मन्रोव्हियाला नेली. पंधरवड्याच्या त्या प्रवासात तीसच्या आसपास माणसे वारली. उरलेली किनाऱ्यावर उतरली, पण ती काँगोच्या खोऱ्यातली होती, आणि मन्रोव्हिया तिथून शेकडो कोस दूर, परक्या भाषेच्या मुलखात. त्यांना घरी पोचवण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नव्हती. अमेरिकेने त्यांच्या पालनपोषणासाठी माणशी रक्कम ठरवून दिली आणि हात झटकले. मुले आणि मोठी माणसे उमेदवारीच्या कराराने वसाहतवाल्यांच्या घरी आणि शेतावर राबायला दिली गेली. त्या एका वर्षात अशी हजारो माणसे लायबेरियात उतरवली गेली, आणि ज्या देशात अमेरिकेहून आलेले वसाहतवाले फार तर दहाबारा हजार होते त्याला तो भार झेपेना. मन्रोव्हियातल्या काँगो टाऊन या वस्तीचे नाव त्या लोकांची आठवण आजही धरून आहे. हा प्रकार अटलांटिकपुरता नव्हता. हिंदी महासागरात ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईला आणली जात, आणि त्यांतली बरीच नाशिकजवळच्या शरणपूर येथे मिशनऱ्यांच्या आश्रमात वाढली. सुतारकाम, लोहारकाम आणि अक्षरे शिकली. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट आणि त्याचे सोबती पुढे आफ्रिकेत शोधप्रवासी लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या सफरीत सामील झाले आणि त्याचे कलेवर किनाऱ्यापर्यंत आणण्यात त्यांचा वाटा होता. शरणपूरची मुले शिकली आणि काहींची नावे इतिहासात राहिली. एरीवरच्या मुलांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. पण दोन्हीकडे सुटकेची व्याख्या एकच होती. साखळी तोडणे म्हणजे सुटका. तोडल्यावर माणूस कुठे जाणार, हे तोडणाऱ्याच्या सोयीने ठरे.

फाशीच्या आदल्या रात्री गॉर्डनने लपवून आणलेले विष घेतले. डॉक्टरांनी तासन्‌तास खटपट करून त्याला वाचवले, ते दुपारी फासावर जाण्यापुरते. पुष्कळ लेखक त्या रात्रीवर पानेच्या पाने खर्च करतात. पुढील पाने वाचणाऱ्याने आपले लक्ष तिथे फार काळ अडकू देऊ नये असे मला वाटते. गॉर्डन गेल्यावरही क्यूबाकडे जहाजे जात राहिली. ती थांबली अमेरिकी निशाणाचे संरक्षण तहाने काढून घेतले तेव्हा, न्यूयॉर्कच्या दलालांनी एकेक करून गाशा गुंडाळला तेव्हा, आणि खुद्द स्पेनलाही आपल्या वसाहतीत लक्ष घालणे भाग पडले तेव्हा. १८६७ च्या सुमारास अटलांटिकपारचा व्यापार संपला. क्यूबातली गुलामगिरी मात्र १८८६ पर्यंत टिकली, आणि एरीसारख्या जहाजांतून आधीच्या वर्षांत पोचलेल्या लाखो माणसांपैकी जी उसाच्या मळ्यांत तोवर जगली, त्यांना स्वातंत्र्य पाहायला गॉर्डनच्या फाशीनंतर आणखी चोवीस वर्षे थांबावे लागले.